घर भरलेलं असताना आई खोलीत का जाऊन बसते?

"सणाला सगळे जमतो आणि आई मात्र खोलीत जाऊन पडते. आमचं काही चुकतंय का?" सणासुदीच्या दिवसांत हा प्रश्न घेऊन बरेच जण माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात. त्यातल्याच एका लेकीची ही गोष्ट. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आईंनी पंचाहत्तरी ओलांडलेली, वडील जाऊन दोन वर्षं होत आलेली. "तिला कशाला हात लावू देत नाही, सगळं जागेवर देतो, तरी तिचा चेहरा उतरलेलाच," लेक काकुळतीनं सांगत होती.

पुढच्या वेळी आई एकट्या आल्या. सुरुवातीला गुडघे, पोट, झोप एवढंच. उतारवयात मनाचं दुखणं पुष्कळदा शरीराच्या तक्रारींतून बाहेर येतं, म्हणून ते मी घाई न करता ऐकते. वृद्धांमधलं नैराश्य ओळखण्यासाठी १५ प्रश्नांची, हो-नाहीत उत्तरं द्यायची एक प्रश्नावली आम्ही वापरतो. तिच्यात झोप-भुकेचे प्रश्न नाहीत, कारण त्या तक्रारी वयामुळेही असतात. आईंच्या उत्तरांत नैराश्य दिसत नव्हतं. मग मी विचारलं, "यजमान असते तर सणाच्या सकाळी काय करत असते?"

बाई एकदम बोलत्या झाल्या. ते सगळ्यांच्या आधी उठायचे, पाहुण्यांच्या चपला ओळीनं लावून ठेवायचे, एखादी उलटी दिसली की चिडायचे. सांगता सांगता हसल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "घरात त्यांचं नावच कुणी काढत नाही हो. मी काढलं की लेक विषय बदलते. मला रडू येईल म्हणून."

खरी गाठ इथे होती. मायेपोटीच बसलेली, पण गाठच.

दुसरं कारण कानाचं. वयानुसार आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. 'स', 'श'सारखी व्यंजनं निसटतात. समोरासमोर बोललेलं कळतं, पण टीव्ही चालू आणि सगळे एकदम बोलताहेत अशा वेळी शब्दच लागत नाहीत. बाकीचे हसतात, का ते कळत नाही. दोन-तीनदा "काय म्हणालास?" विचारून माणूस गप्प होतो आणि उठून जातो. घरच्यांना वाटतं, रुसली.

आणि ते "तू बस, आराम कर". आयुष्यभर ज्या बाईनं घर चालवलं, तिला सणातच बिनकामाचं करून टाकायचं, हे मला फार खुपतं.

मग सणाआधीच काही गोष्टी ठरवल्या. नातेवाइकांना फोन करून बोलावण्याचं काम आईंनी स्वतःहून मागून घेतलं. कानाची तपासणी ठरली. टीव्ही बंद ठेवून एकेकानं त्यांच्यासमोर बसून बोलायचं ठरलं. दुपारी त्या तासभर खोलीत गेल्या, तर कुणी ओढून आणायचं नाही. ती विश्रांतीच असते. लेकीला मी एवढंच सांगितलं: वडिलांचा विषय तू काढ, आई रडली तर जवळ बस. तिनं तसं केलं. आई रडल्या, मग चपलांचा किस्सा नातवंडांना दोनदा ऐकवला.

उदासी दोन आठवडे हटली नाही, कशातच रस वाटेनासा झाला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. "आता जगून काय करायचं" असे शब्द आले, तर दोन आठवडेही थांबू नका. अचानक गोंधळल्यासारखं वागणं दिसलं तर त्याच दिवशी न्या. त्यामागे जंतुसंसर्ग किंवा औषधाचा परिणामही असू शकतो.

पाहुणे परतल्यानंतरचे दिवस सणापेक्षा जड जातात. त्या दिवसांतले फोन आणि भेटी कुणी कधी करायच्या, हे या घरानं सण सुरू व्हायच्या आधीच वाटून घेतलं होतं.