गाडीची किल्ली ठेवल्यावर कुठे राहणार?

टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून एक लांबलचक पत्र आलं आहे. यजमानांना येत्या नोव्हेंबरात ६५ पूर्ण होतील, पत्र लिहिणारीला ६२ झाली. मुलगा सिएटलजवळ, मुलगी बॉस्टनला. पुण्यात बाणेरला अकराव्या मजल्यावर तीन बेडरूमचा फ्लॅट आहे, आजवर भाड्याने दिलेला.

त्या लिहितात: "ताई, ह्यांना कामाचा वीट आलाय. ६५ झाली की सोडतो म्हणतात. मी म्हणते निदान ६७ पर्यंत थांबा. पण खरा वाद पुढचा आहे. ह्यांना बाणेरला जायचंय. मुलगा म्हणतो आमच्याजवळ या. आणि मला हे घर सोडवत नाही. वीस वर्षं झाली, मुलं इथे मोठी झाली, आता कुठे सगळी ओळखीपाळखीची माणसं जमली आहेत." मग बाणेरच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर नव्याने करायचं की नाही, तळघरासारख्या भरलेल्या गॅरेजचं काय करायचं, मेडिकेअर (६५ नंतरचा सरकारी आरोग्यविमा), कर, असं बरंच काही. आणि तिसऱ्या पानावर, कंसात, एक वाक्य: "(मी हायवेला गाडी घालत नाही, गावातल्या गावात चालवते. पण तो काही प्रश्न नाही, हे आहेत.)"

अहो बाई, तोच तर प्रश्न आहे! स्वयंपाकघराच्या ओट्याला अर्धं पान दिलंत आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं ज्यावर ठरणार आहेत ते कंसात कोंबलंत. माझा ह्या विषयावर राग आहे, आणि तो तुमच्यावर नाही. आपल्या घराघरांत हे असंच चालतं. नवरा चालवतो, बायको शेजारी बसते. पासष्टीला दोघं मिळून ठरवतात कुठे राहायचं, आणि ठरवताना डोळ्यांसमोर असतात ती पासष्टीची, धडधाकट, गाडी चालवणारी दोन माणसं. तिथे राहणार मात्र आहे बहुतेक वेळा ऐंशीपुढची एकटी बाई. तुम्ही त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहात, बायका तशाही जास्त जगतात. तेव्हा घर तिच्यासाठी निवडा. बाकी सगळं आपोआप मागे येईल.

माझे थोरले दीर मिशिगनला, डेट्रॉइटच्या बाहेर, तळ्याकाठच्या मोठ्या घरात राहायचे. आयुष्यभर मोटारींच्या धंद्यात काम केलेला माणूस. सत्तरी ओलांडल्यावर डोळ्यांतला पडदा खराब होत गेला. आधी रात्रीची गाडी बंद झाली, मग पावसातली, मग एके दिवशी मुलाने किल्ली काढून घेतली. वहिनींकडे लायसन्स होतं, पण बत्तीस मैलांवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे हायवेने जाण्याचं धैर्य नव्हतं. सुरुवातीला मंडळातली माणसं धावून आली. कुणी ग्रोसरी आणून दिली, कुणी भजनाला घेऊन गेलं. पण मंडळातली माणसं म्हणजे कोण? त्यांच्याच वयाची! हे आपण विसरतो. गावात म्हातारी, तरुण, मधली अशी सगळ्या वयांची माणसं असतात. आपण मात्र एकाच काळात, एकाच वयाचे इथे आलो, एकदमच मुलं झाली, एकदमच घरं घेतली, आणि आता एकदमच म्हातारे होतोय. ज्या मैत्रिणीच्या गाडीतून जायचा भरवसा असतो, तिचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच हिवाळ्यात निघतं.

आणि दुसरं म्हणजे मागायची लाज. वहिनींनी भजन सोडलं. कुणी नको म्हटलं नव्हतं, पण दर गुरुवारी फोन करून "मला घ्यायला येशील का?" हे विचारणं त्यांना जड जायला लागलं. बाईने उभं आयुष्य दुसऱ्यांना जेवू घातलं, आणि शेवटी मिठाच्या पुड्यासाठी कुणाच्या तरी सवडीची वाट बघत बसली. दीर गेल्यावर आम्ही त्यांना न्यू जर्सीत आमच्याजवळ, आयझलिनला भाड्याच्या लहान घरात आणलं. देशी दुकानांचा ओक ट्री रोड पायी हाकेच्या अंतरावर. आज एक्क्याऐंशीव्या वर्षी त्या स्वतः मेथीच्या जुड्या निवडून आणतात, दुकानदाराशी भांडतात, वाटेत दोघीतिघी भेटतात. तब्येत तीच, गुडघे तेच. पण घर बदललं आणि बाईचा आवाज बदलला. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून एवढं ठासून सांगते.

आता तुमच्या गावाकडे बघू. टेक्सासात ७९ पुढे लायसन्सचं नूतनीकरण घरबसल्या होत नाही, समक्ष जावं लागतं आणि डोळे तपासले जातात. ८५ पुढे दर दोन वर्षांनी. पण कायद्याच्या कितीतरी आधी शरीर थांबवतं: समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, मान पूर्ण वळत नाही, रक्तदाबाच्या गोळीने गरगरतं. आणि फ्रिस्को डॅलसच्या डार्टमध्ये, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बस-रेल्वे सेवेत, सामील नाही, म्हणजे तुमच्या दारावरून डार्टची बस जात नाही. ह्याचा दुसरा परिणाम फार कमी लोकांना माहीत असतो. अपंगांसाठीच्या १९९० च्या कायद्याने, ज्यांना साधी बस वापरता येत नाही त्यांना घरापासून नेणारी गाडी मिळण्याचा हक्क आहे; पण तो ठरलेल्या बसमार्गापासून पाऊण मैलाच्या पट्ट्यातच. जिथे बसमार्गच नाही तिथे हा हक्कही नाही. मग शहराच्या स्वतःच्या योजनेवर अवलंबून राहायचं. तुमच्या शहराची योजना काय आहे, किती दिवस आधी नोंदवावं लागतं, शनिवार-रविवारी गाडी येते का, शहराबाहेरच्या हॉस्पिटलला सोडते का, हे फोन करून विचारा. आणि फोन तुम्ही करा, ह्यांना करू देऊ नका.

"मग बाणेर बरं ना," असं यजमान म्हणतील. थांबा. बाणेरला जाऊन आपण फ्रिस्कोच पुन्हा मांडतो, फक्त उभं. टेकडीच्या उतारावरची सोसायटी, फाटकापासून मुख्य रस्ता लांब, मध्ये फूटपाथ असला तर त्यावर दुचाक्या लावलेल्या. दूध, भाजी, औषधं सगळं मोबाइलवरून दारात येतं, हे खरं. आजारपणात त्याचा आधार मोठा. पण सगळंच दारात आलं की बाई दाराबाहेर पडत नाही, आणि पडली नाही की तिला कुणी ओळखत नाही. "ड्रायव्हर ठेवू" हे दुसरं ठरलेलं उत्तर. ठेवा, जरूर ठेवा. दवाखान्याला, लग्नाकार्याला तो हवाच. पण तो गावी गेला, आजारी पडला, दुसरीकडे दोन हजार जास्त मिळाले म्हणून सोडून गेला की परत तुम्ही अकराव्या मजल्यावर. शिवाय संध्याकाळी सहज खाली उतरून अर्धा तास कट्ट्यावर बसायला कुणी ड्रायव्हर बोलावत नाही.

माझी मावशी सदाशिव पेठेत तळमजल्यावर राहते. वय ८८. घर जुनं, अंधारं, न्हाणीघर लहान. तिची मुलं तिला मोठ्या सोसायटीत न्यायला मागे लागली होती, ती गेली नाही. किराणा, औषधाचं दुकान, डॉक्टर, विठ्ठलाचं देऊळ, ज्येष्ठ नागरिक संघाची खोली हे सगळं तिच्या चालीने दहा मिनिटांत. एक दिवस ती दिसली नाही तर वाणी पोऱ्याला पाठवून चौकशी करतो. परदेशातून आपण पैसे देऊन जी सोय विकत घेऊ बघतो, ती तिला आपसूक मिळालेली आहे. मी पेठेत घर घ्या म्हणत नाही. जुन्या वाड्यांच्या जागी झालेल्या कित्येक इमारतींना लिफ्ट नाही, आणि रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो. पण कोथरूडचा विचार करा. वनाज ते रामवाडी मेट्रो २०२४ पासून पूर्ण धावतेय. वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप ही स्टेशनं कोथरूडच्या अंगाला आहेत. लिफ्ट असलेली मध्यम इमारत, खाली दुकानं, जवळ दवाखाना आणि मेट्रो, अशी जागा तिथे शोधली तर सापडते. बाणेरचा फ्लॅट भाड्यानेच राहू द्या, त्या भाड्यात कोथरूडला भाड्याने राहा. स्वयंपाकघरावर खर्च करूच नका.

मुलाचं निमंत्रण प्रेमाचं आहे, त्याला नाही म्हणू नका, पण अट घाला. त्याच्या घरात नाही. स्वतंत्र, लहान घर, आणि तेही पायी बस किंवा रेल्वे गाठता येईल असं. बेलव्ह्यू–रेडमंड भागात २०२४ पासून लाइट रेल (मेट्रोसारखी शहरी रेल्वे) सुरू झाली आहे, तिच्या एखाद्या स्टेशनाजवळ मिळालं तर उत्तम. म्हणजे उद्या मुलाची नोकरी दुसऱ्या राज्यात गेली तरी तुम्ही अडकून पडणार नाही. नाहीतर काय होतं ते बघतेच मी: सकाळी साडेसातला मुलगा-सून कामाला, नातवंडं शाळेला, आणि आजी काचेच्या दारातून रिकाम्या रस्त्याकडे बघत संध्याकाळ होण्याची वाट बघते.

तर आता करायचं काय? ऑगस्टमध्ये, पारा ३८ च्या पुढे असताना, पंधरा दिवस दोन्ही गाड्या गॅरेजात बंद करा. टॅक्सी चालेल, पण जी तुम्ही स्वतः, तुमच्या फोनवरून बोलवाल तीच. ग्रोसरी, दात, बँक, देऊळ, मैत्रीण सगळं तसंच करून बघा. दररोज रात्री लिहून ठेवा कुठे जायचं होतं आणि जाता आलं नाही. मग पुढच्या जूनमध्ये पुण्याला जा. डिसेंबर-जानेवारीत जाऊ नका. तेव्हा थंडी असते, लग्नं असतात, सगळे भेटायला येतात, आणि पुणं सगळ्यांनाच आवडतं. भर पावसात, रिक्षा मिळत नसताना, भाचे-पुतणे आपापल्या कामात असताना, निदान तीन महिने राहा. सिएटललाही असंच, आणि तेही नोव्हेंबरात, चार वाजता अंधारून येतं तेव्हा.

आणि हो, हायवे शिका. ६२ हे काही वय नाही. यजमानांकडून शिकू नका, संसारात नसती भांडणं होतात; पैसे देऊन शिकवणारा लावा. पुढची दहा-पंधरा वर्षं कामाला येईल. समजा उद्या ह्यांच्या छातीत दुखलं, रुग्णवाहिकेतून नेलं, आणि मग रोज हॉस्पिटलला जायचं आहे, तर तुम्ही कुणाला फोन लावणार?

बाकीचे प्रश्न भराभर. ६५ की ६७? ह्यांचा जन्म १९६० किंवा त्यानंतरचा, तेव्हा सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) पूर्ण ६७ ला. ६२ ला घेतली तर ३० टक्के कमी. ६७ नंतर थांबलं तर ७० पर्यंत दर वर्षी ८ टक्के वाढ. नोकरी सोडणं आणि सोशल सिक्युरिटी सुरू करणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच दिवशी करायची सक्ती नाही. दोघांतल्या ज्याची रक्कम मोठी, त्याने शक्य तितकं थांबावं, कारण मागे राहणाऱ्याला दोहोंतली मोठी रक्कम मिळत राहते. म्हणजे पुन्हा तुम्हालाच.

माझ्या मते मात्र त्यांनी नोकरी सोडण्याआधी तुमच्या आरोग्यविम्याचं बघावं. त्यांना मेडिकेअर मिळेल, तुम्हाला अजून तीन वर्षं नाही. कोब्रा, म्हणजे नोकरी सुटल्यावर कंपनीचाच विमा पुढे चालू ठेवण्याची सोय, साधारण १८ महिने (त्यांचं मेडिकेअर आधी लागू झालं असेल तर तुमच्यापुरतं काही वेळा जास्त), आणि पूर्ण हप्ता आपल्या खिशातून. नाहीतर बाजारातून स्वतः विकत घेतलेला विमा. हे आकडे मांडल्याशिवाय राजीनामा देऊ नये. माणूस खरंच वैतागला असेल तर आठवड्यातून तीन दिवस काम मागून बघा, काही कंपन्या विमा चालू ठेवतात.

मेडिकेअर भारतात चालत नाही. तरी पुण्याला गेलात म्हणून पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) डोळे मिटून सोडू नका: नंतर परत घ्यायचं झालं तर न घेतलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी चढतो, आणि तो कायमचा. पुण्यात राहताना तिथला विमा वेगळा लागेल. साठीनंतर तो महाग पडतो आणि जुन्या आजारांना काही काळ थांबावं लागतं, म्हणून चौकशी आत्ताच सुरू करा. दीर्घकाळ घरी सांभाळायला लागणारी बाई मेडिकेअर इथेही देत नाही, हे मुलांनाही सांगून ठेवा.

गॅरेज: मुलांना एक तारीख द्या, त्यानंतर जे राहील ते दान.

घर लगेच विकू नका, पण भाड्याने देऊन पुण्याला गेलात तर राहत्या घराला टेक्सासात मिळणारी मोठी करसवलत जाते, ते हिशेबात धरा. भारतात परतल्यावर पहिली दोन-तीन वर्षं 'आरएनओआर' (रहिवासी, पण 'सर्वसाधारण रहिवासी' नाही) असा कराचा दर्जा असतो, त्या काळात इथल्या उत्पन्नावर तिथे सहसा कर लागत नाही, पुढे लागतो. सोशल सिक्युरिटीवर मात्र दोन्ही देशांतल्या करारानुसार अमेरिकाच कर लावते. ४०१(के) चे, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती-बचतीचे, पैसे कधी काढायचे हे ह्या वर्षांशी जुळवून घ्यावं लागतं, म्हणून दोन्हीकडचे कर जाणणाऱ्या सीएला विमानाचं तिकीट काढायच्या आधी भेटा. आणि त्या भेटीला तुम्हीही जा, वही घेऊन.