रुंद फेंडर बसवल्यावर आतल्या लायनरचे काय करावे?

प्रश्न : गाडीच्या पुढच्या चाकांवर मूळ फेंडरपेक्षा ५० मिमी रुंद असे फायबरचे फेंडर बसवले आहेत. मूळ लायनर (चाकावरचे फेंडरच्या आतले प्लास्टिकचे आवरण) आता बाहेरच्या कडेपर्यंत पोचत नाही. तो काढून टाकला तर चालेल का?

उत्तर : अजिबात काढू नका. टायरने उडवलेला खडा फायबरला आतून लागला, की बाहेरच्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे उमटतात आणि ते पॉलिशने जात नाहीत. शिवाय चिखलपाणी थेट हेडलाइटच्या वायरिंगपर्यंत जाते.

मूळ लायनर तसाच ठेवून फक्त फटीपुरती पट्टी जोडा. १.५ ते २ मिमी जाडीची एचडीपीई (एक चिवट प्लास्टिक) शीट घ्या. पत्रा नकोच, सुटला तर टायर कापतो.

खरी चूक होते ती माप घेताना. गाडी उभी आणि चाके सरळ असताना जागा भरपूर दिसते. गाडी स्टँडवर भक्कम टेकवून, स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावूनच सस्पेन्शनची स्प्रिंग काढा. मग सस्पेन्शन बंपस्टॉपला (ते पूर्ण दबल्यावर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत चाक जॅकने उचला आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा. खड्ड्यात बंपस्टॉपही दबतो, म्हणून या स्थितीतही पट्टी आणि टायर यांत किमान १५ मिमी अंतर हवे. त्या मापाने आधी पुठ्ठा कापा आणि तो नीट बसल्यावरच शीट कापा. मूळ लायनरच्या मागे ३० मिमी जाईल इतकी रुंदी जास्त ठेवा. कड वळवताना हीट गन सतत हलती ठेवा, एका जागी धरली तर शीट लोंबते.

पट्टी लायनरच्या मागच्या बाजूने लावा. चपट्या गोल डोक्याचे ६ मिमी बोल्ट दर १०० ते १२० मिमीवर घ्या. डोके टायरकडे, नट मागे, दोन्हीकडे रुंद वॉशर. मधले एकच भोक गोल ठेवा, बाकीची लांबट करा. १ मीटर एचडीपीई ४० अंशांच्या फरकाने साधारण ४ ते ६ मिमी लांबते. सगळी भोके गोल असतील तर उन्हात पट्टी फुगून टायरला लागते. पट्टी दोन तुकड्यांत असेल, तर मागचा तुकडा पुढच्यावर टायरच्या बाजूने चढवा. टायरचा वरचा भाग पुढे धावतो. उलट जोड दिला तर चिखल कडेत घुसून ती उचकटतो.

प्रश्न : फेंडरला भोके न पाडता पट्टीची बाहेरची कड नुसती चिकटवता येईल का?

उत्तर : एचडीपीईवर सिलिकॉन किंवा साधा गोंद धरत नाही, थोड्या दिवसांत साल निघावी तसा निघतो. त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमचे छोटे ब्रॅकेट फेंडरच्या आतून पॉलियुरेथेन अ‍ॅडहेसिव्हने चिकटवा आणि पट्टी त्यांना बोल्टने जोडा. त्याआधी फायबर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून (तोंडाला मास्क हवाच) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पट्टीचा भार दुसऱ्या दिवशीच टाका. १०० किमी चालवल्यावर चाके वळवून आत टॉर्च मारा. पट्टीवर चकचकीत घासलेला डाग दिसला तर तेवढाच भाग कापून टाका.