पहिल्यांदाच सही करायला बसायचंय

प्रश्न : माझं पहिलं पुस्तक आलंय आणि पुस्तकांच्या दुकानात सह्यांचा कार्यक्रम ठरलाय. तयारी काय करू? कोणी आलंच नाही तर?

उत्तर : आधी मनापासून अभिनंदन! सगळ्यात पहिलं म्हणजे दुकानदाराशी बोलून प्रती कोण मागवणार, तुम्ही की प्रकाशक, हे पक्कं करा, कारण कार्यक्रमाच्या दिवशी पुस्तकंच पोचली नाहीत असं खरंच होतं आणि मग फार वाईट वाटतं. ओळखीच्या लोकांना एकेकाला फोन करा, नुसत्या ग्रुपवरच्या मेसेजवर लोक येत नाहीत. पेनाचं मात्र नीट बघा, पुस्तकाच्याच कागदावर आधी सही करून पाहा, शाई पसरते का, पान मिटल्यावर समोरच्या पानावर डाग उमटतो का. सही आतल्या शीर्षकपानावर करा, आणि सही घेणाऱ्याचं नाव आधी चिठ्ठीवर लिहून घ्या, स्मिता की सुस्मिता हे गर्दीत ऐकू येत नाही आणि खोडलेलं नाव कायमचं राहतं. पाच-दहा मिनिटं वाचन ठेवा, घरी मोठ्याने वाचून किती वेळ लागतो ते बघा. चारच जण आले तरी त्यांच्याशी निवांत बोला, उरलेल्या प्रतींवर दुकानदाराला विचारून सह्या करून ठेवा, त्या नंतरही विकल्या जातात.