पुन्हा वाजवशील?

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतचा आराखडा दोन्ही दोनदा वाचलं. शनिवारच्या मुलांच्या तीन तासांच्या संगीत कार्यशाळेत तू चौदा गोष्टी बसवल्या आहेस. टाळ्यांचे खेळ, स्वरांची ओळख, वाद्यांची माहिती, एक समूहगीत, आणि शेवटी वीस मिनिटं ‘मुलांची स्वतःची रचना’. मी त्यातल्या अकरा गोष्टींवर काट मारली आहे. रागावू नकोस. ती शेवटची वीस मिनिटं उचलून पहिल्या पानावर आणली आहेत आणि जवळजवळ सगळा वेळ त्यांनाच दिला आहे.

तू लिहितेस, ‘मुलांना आधी थोडं तरी यायला हवं, नाहीतर ती रचना करणार कशातून?’ बरीच वर्षं मलाही असंच वाटायचं. चित्रकलेच्या पहिल्याच तासाला आपण मुलाच्या हातात कागद आणि रंग देतो, त्याने काढलेलं वेडंवाकडं घर भिंतीवर लावतो. संगीतात मात्र त्याच मुलाला वर्षानुवर्षं दुसऱ्याने केलेलंच वाजवायला लावतो, आणि स्वतःचं काही करायची वेळ आली की म्हणतो, अजून तयारी नाही.

रचना करायला किती कमी लागतं ते तुला दाखवते. एक सात-आठ वर्षांचा मुलगा पत्र्याच्या डब्यावर धडाधड बडवत होता. बाकीची मुलं कानावर हात ठेवून हसत होती. मी शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, “हे पुन्हा वाजवशील?” तो थांबला. काय वाजवलं होतं ते त्याला आठवेना. परत बडवलं, ते वेगळंच निघालं. “हे तेच होतं?” “नाही.” मग त्याने डबा उलटा केला, हळूच चार ठोके दिले, नखाने कडेवरून एक लांब ओरखडा ओढला आणि थांबला. पुन्हा केलं. चार ठोके, ओरखडा. तिसऱ्यांदा ओरखड्याआधी क्षणभर थांबला, माझ्याकडे बघितलं आणि मग ओढला. तो थांबा त्याने मुद्दाम घातला होता. पहिल्या बडवण्यापासून त्या थांब्यापर्यंत जे झालं त्यालाच मी रचना म्हणते. काय ठेवायचं, काय टाकायचं, कुठे थांबायचं, हे त्याचं त्याने ठरवलं.

आपलं काम एवढंच, की ठरवण्याचा हक्क मुलाकडेच राहावा. हे ऐकायला सोपं आणि करायला फार अवघड आहे. आपला कान तयार असतो आणि हात शिवशिवत असतात.

माझ्या हातून काय झालं तेही सांगते. एका मुलीने पाच स्वरांत छोटीशी चाल केली होती. ती रे वर संपायची. मला ते अर्धवट वाटलं. मी म्हटलं, “शेवटी सा वर आण, बघ किती छान बसतं.” तिने निमूटपणे आणलं. सादरीकरणाच्या दिवशी सगळ्यांसमोर तिने रचनेचं नाव सांगितलं, ‘बाबा अजून आले नाहीत’. आणि वाजवताना ती रे वरच थांबली, वाजवायची काठी हवेत धरून. मी तोवर तिला नावसुद्धा विचारलं नव्हतं. तिला काय म्हणायचं होतं हे माहीत नसताना मी तिचा शेवट बदलून टाकला होता. त्या दिवसापासून माझा एक नेम आहे. सूचना ओठावर आली की तिचा प्रश्न करायचा. ‘इथे संपतं हे ऐकणाऱ्याला कसं कळेल?’, ‘हा आवाज परत येतो, तो मुद्दाम का?’, ‘याहून हळू केलं तर काय होईल?’ मुलाने ‘मला असंच हवंय’ म्हटलं की विषय संपला.

आता मर्यादेबद्दल. ‘काहीही करा’ म्हटलं की मुलं गोठतात किंवा गोंगाट करतात. म्हणून चौकट लहान ठेव. तीनच आवाज, त्यातला एक अगदी बारीक, आणि मध्ये कुठेतरी एकदा पूर्ण शांतता. पहिल्या फेरीला दहा मिनिटांहून जास्त देऊ नकोस. जास्त वेळ दिला की पाचव्या मिनिटाला झालेली चांगली गोष्ट पंधराव्या मिनिटाला मुलंच मोडून टाकतात.

सुरांची चौकट हवी असेल तर सा रे ग प ध घे. शुद्ध सप्तकात ग आणि म, तसंच नी आणि वरचा सा, या दोनच जोड्यांत अर्ध्या स्वराचं अंतर असतं, आणि इतके जवळचे स्वर एकत्र वाजले की एकमेकांना घासतात. म आणि नी काढले की दोन्ही घासाघाशी जातात आणि म-नी चं अवघड अंतरही जातं. मग चार मुलांनी एकाच वेळी काहीही वाजवलं तरी कानाला बोचत नाही. कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराने हे नेमकं हेरलं होतं. 1924 मध्ये म्युनिकमध्ये सुरू झालेल्या एका शाळेत तो संगीत आणि हालचाल एकत्र शिकवू लागला. पुढे 1948 पासून त्याने आणि गुनिल्ड केटमनने रेडिओवर मुलांसाठी कार्यक्रम केले. त्यांच्या पद्धतीतल्या झायलोफोनच्या, म्हणजे काठीने वाजवायच्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याच्या, पट्ट्या सुट्या काढता येतात. नको असलेल्या दोन पट्ट्या उचलून बाजूला ठेवायच्या, म्हणजे ‘चुकीचा’ स्वर मुलाच्या समोरच राहत नाही. तुझ्याकडे हार्मोनियम किंवा कीबोर्ड असेल तर त्या पट्ट्यांवर कागदाची चिकटपट्टी लाव, काम भागतं. पण ही चौकट कायमची नाही. एखादं मूल येऊन म्हणेल, ‘मला ती झाकलेली पट्टी हवी आहे.’ तेव्हा लगेच चिकटपट्टी काढून दे. ते मूल घासाघाशीच शोधत आलेलं असतं.

वाद्यं नाहीत म्हणून तू काळजी करतेस, ती सोड. स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराने 1972 मध्ये दोन माणसांच्या फक्त टाळ्यांवर एक अख्खी रचना उभी केली. बारा मात्रांचा एकच ठेका, एक जण तो न बदलता वाजवत राहतो, दुसरा दर काही आवर्तनांनी एक मात्रा पुढे सरकतो, आणि बारा वेळा सरकल्यावर दोघे परत एकत्र येतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हा ठेका जड जातो, पण चार मात्रांचा सोपा ठेका घेऊन तेच करून बघ. चारदा सरकल्यावर दोन गट पुन्हा एकत्र येतात तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

एक प्रयोग मात्र आराखड्यात नक्की ठेव. सारख्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत वेगळं पाणी. आधी चमच्याने वाजवायच्या, मग तोंडावरून फुंकायच्या. चमच्याने वाजवली की जास्त पाण्याची बाटली खाली बोलते, कारण कापणारी काच पाण्याने जड झालेली असते. फुंकली की तीच बाटली वर बोलते, कारण आता कापते ती आतली हवा, आणि पाणी वाढलं की हवेला जागा कमी उरते. हे तू आधी सांगू नकोस. मुलं आपसांत भांडतील, ‘ही खालची आहे’, ‘नाही, वरची आहे’, आणि दोघंही खरं बोलत असतील. भांडू दे. कान उघडायला याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

ऐकण्यानेच सुरुवात कर. दोन मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि ऐकू आलेले आवाज नंतर कागदावर काढायचे, शब्द लिहायचे नाहीत. कॅनडाचा संगीतकार आर. मरी शेफर 1960 च्या दशकात वर्गांत जाऊन असेच ऐकण्याचे स्वाध्याय करून घ्यायचा. पंख्याची घरघर कुणी लाटेसारखी काढतं, कुणी ठिपक्यांनी. त्या चित्रांतूनच तुझी स्वरलिपी तयार होते. लांब रेघ म्हणजे लांब आवाज, जाड म्हणजे मोठा, कोरी जागा म्हणजे शांतता. मग एका गटाचा कागद दुसऱ्या गटाला वाजवायला दे. स्वतःची रचना दुसऱ्याच्या हातून भलतीच ऐकू आली की मुलं धावत कागदाकडे जातात आणि खुणा नीट करायला लागतात. सरगम लिहायला शिकवायची खरी वेळ तेव्हा येते, कारण तेव्हा त्यांना ती हवी असते.

गट चार-पाच जणांचे कर. एका खोलीत पाच गट एकदम वाजवायला लागले तर कुणालाच स्वतःचं ऐकू येत नाही, म्हणून दोन गट व्हरांड्यात पाठव. गप्प होण्याची एक हातखूण पहिल्याच मिनिटाला ठरवून घे. तुला ओरडावं लागलं तर मुलंही आवाज चढवतील.

सगळ्यात जास्त अडणारी मुलं कोणती, सांगू? जी दोन-तीन वर्षं क्लासला जातात ती. नवशिकं मूल लगेच हात घालतं. शिकलेलं मूल विचारतं, ‘राग कोणता घेऊ?’ आणि चूक होईल म्हणून हात मांडीवर ठेवून बसतं. अशा मुलाला त्याच्या वाद्यापासून थोडं दूर ने. पेटी वाजवणाऱ्याला डबा दे, तबला वाजवणाऱ्याला फक्त आवाज वापरायला सांग. त्याच्या विद्येचा मान राख. हे तू शिकलास ते विसर, असं कधी म्हणू नकोस. थोड्या वेळाने तो स्वतःच पेटीकडे वळेल, आणि तेव्हा त्याच्या बोटांत आलेलं सगळं त्याच्या कामी येईल.

आणि जी मुलगी कोपऱ्यात बसून काहीच करत नाही, तिला ओढू नकोस. तिला विचार, शांतता कधी सुरू करायची आणि कधी संपवायची हे तू ठरवशील का? हात वर केला की सगळे थांबणार, खाली केला की सुरू. मी पाहिलंय, अशी मुलं शांतता भलतीच लांब धरतात, आणि अख्खी खोली श्वास रोखून त्यांच्या हाताकडे बघत राहते.

वाजवून झाल्यावर नुसतं ‘छान’ म्हणू नकोस. ‘छान’ने मुलाला काही कळत नाही. काय ऐकलंस ते सांग. ‘दुसऱ्यांदा डबा वाजला तेव्हा मला वाटलं, आता कुणीतरी येणार.’ पालकांसमोर सादरीकरण असेल तर त्यांनाही आधी हेच सांग, आणि मुलांचं काम ‘बरं दिसावं’ म्हणून मागे तबल्याचा ठेका किंवा तानपुरा लावू नकोस. तो मोह फार जणांना होतो, तुलाही होईल.

शनिवारी फोनवर रेकॉर्ड करायला विसरू नकोस. मुलांची पहिली फेरी आणि शेवटची, दोन्ही. काटछाट न करता मला पाठव, खोकले, खुर्च्यांचे आवाज, सगळ्यासकट.

तुझी,
ताई