प्राचीन ज्यू प्रार्थनास्थळांत माणसांची चित्रं कधीच नसत, हे खरं आहे का?

नाही. मूर्तिपूजेला सक्त मनाई होती, पण चित्रांबाबतचे संकेत काळानुसार आणि गावागणिक बदलत गेले. माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा म्हणजे सीरियात फरात नदीकाठी असलेल्या दुरा-युरोपोस या प्राचीन शहरातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ. ते १९३२ मध्ये उत्खननात सापडलं. भिंती बायबलमधल्या प्रसंगांच्या चित्रांनी भरलेल्या, इ.स. २४४-४५ च्या सुमाराच्या: नाईलमधून बाळ मोशेला बाहेर काढतानाचा प्रसंग, वाळलेल्या हाडांच्या खोऱ्यातला यहेज्केल संदेष्टा. आणि हा ठेवा वाचला तो युद्धामुळे! २५६ च्या सुमारास इराणच्या ससानियन साम्राज्याच्या फौजांशी लढताना रोमनांनी तटबंदी भक्कम करायला तटालगतच्या इमारती मातीने बुजवल्या. ही चित्रं आता दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. इस्रायलमधल्या बेथ अल्फाच्या सिनेगॉगमधल्या सहाव्या शतकातल्या मोझॅइकमध्ये (रंगीत तुकड्यांच्या जमिनीवरच्या चित्रात) तर चक्क राशीचक्र आहे, मधोमध रथात बसलेल्या सूर्यासह.