डोनेगलची बस आणि "बेट तर एकच आहे"

तुमच्या प्लॅनमधली "डब्लिन–डोनेगल थेट बस, मग दोन दिवस खेड्यात राहून खरं आयर्लंड बघायचं" ही ओळ वाचली आणि राहवलं नाही. व्हिसाची कागदपत्रं, रेनकोट वगैरे सोडून देतो, ते तुम्हाला माहीत असणारच.

आधी त्या बसचा रस्ता नकाशावर बोट ठेवून बघा. ३० नंबर कॅव्हनवरून एनिस्किलनला जाते, लेटरकेनीची ३२ नंबर ओमावरून. डोनेगल आणि लेटरकेनी दक्षिणेतल्या स्वतंत्र आयर्लंडमध्ये (रिपब्लिकमध्ये), पण वाटेतली एनिस्किलन आणि ओमा ही दोन्ही गावं उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. हद्दीवर चौकी नाही, कोणी हटकत नाही, म्हणून सगळं चालतंय असं वाटतं. पण भारतीय पासपोर्टवर नुसता आयरिश व्हिसा असेल तर तिथून नुसतं जायचीही परवानगी नसते. उत्तरेकडून दक्षिणेत येणाऱ्या बसमध्ये गार्डा, म्हणजे तिथले पोलीस, अधूनमधून चढून कागद बघतात. व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना, एकाच व्हिसावर दोन्हीकडे) अशी अक्षरं असतील तर गोष्ट वेगळी. त्यातही ज्या देशाने व्हिसा दिला तिथेच आधी उतरायचं. आयरिश व्हिसावर "आधी लंडन करू, मग डब्लिन" चालत नाही.

आमचं बुकिंग ज्या कार्यालयाने केलं तिथे हे तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा उत्तर एकच, "सर, बेट तर एकच आहे." तिकिटं आणि डोनेगलच्या दोन रात्री, सगळं नॉन-रिफंडेबल, सगळं पाण्यात. नाव घेत नाही. पण हे वाक्य कुठल्याही एजंटच्या तोंडून ऐकलंत तर चहा अर्धा टाकून उठा.

त्यापेक्षा डब्लिनच्या कॉनोली स्टेशनवरून स्लायगोची ट्रेन धरा, साधारण तीन तास. पुढे ६४ नंबरची बस बंडोरन, बॅलीशॅननवरून डोनेगलला नेते. मध्ये लीट्रिम काउंटीचा (जिल्ह्याचा) जेमतेम चार-पाच किलोमीटरचा किनारा लागतो, तेवढ्या चिंचोळ्या पट्टीतून रस्ता रिपब्लिकमध्येच राहतो. मात्र ही बस लेटरकेनीनंतर डेरी या उत्तर आयर्लंडमधल्या शहरात जाते, म्हणून लेटरकेनीच्या पुढे बसून राहू नका. गाडी घेणार असाल तर जीपीएसवर आंधळा विश्वास नको. कॅव्हन ते क्लोन्स हा रस्ता काही किलोमीटरांत अनेकदा हद्द ओलांडतो. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी झाली आणि वेगाच्या पाट्या मैलांत आल्या की समजायचं, आपण पलीकडे आलो. (मी वकील नाही, नियम बदलतात. अर्ज भरायच्या दिवशी अधिकृत साइट स्वतः वाचा.)

आता खेड्याचं. दोन दिवसांत फक्त सामान उघडून होतं. डोनेगलचा हट्ट नसेल तर मी सरळ लीट्रिम सुचवेन. त्याच स्लायगो लाइनवर कॅरिक-ऑन-शॅननला उतरा आणि ड्रमशॅनबोसारख्या छोट्या गावात किमान चार रात्री काढा. जुलैत तिथे पारंपरिक संगीताची आठवडाभराची शाळा भरते. तेव्हा खोल्या मिळणं कठीण, पण तोच आठवडा ऐकण्यासारखा.

पोचल्या दिवशी घरमालकिणीला दोन गोष्टी विचारा: जवळच्या मार्टचा वार कोणता आणि सेशन, म्हणजे पारंपरिक संगीताची बैठक, कुठल्या पबमध्ये. मार्ट म्हणजे आपला गुरांचा बाजार, फक्त छताखाली आणि लिलावाने. जनावराच्या पाठीवर नंबराचा कागद चिकटवलेला, वर लिलाव पुकारणारा, आणि बोली एका भुवईवर लागते. त्यामुळे कठड्याला टेकून उभं राहा, हात हलवू नका, फोटो विचारून काढा. जुने बूट घाला. दुपारचं मुख्य जेवण तिथल्या कॅन्टीनमध्ये मिळतं. शाकाहारी असाल तर भाजीचं सूप मागवण्याआधी ते कोंबडीच्या पाण्यात केलंय का, हे विचाराच. असू शकतं. ब्राउन ब्रेड आणि बटाटे हा खात्रीचा आसरा.

सेशन रात्री साडेनऊचं म्हणाले तरी रंगायला दहा वाजतात. कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्च्या वादकांच्या असतात, तिथे बसू नका. फर्माईश करू नका, आणि कोणी नुसत्या गळ्यावर गायला लागलं की ग्लासचाही आवाज नको. मुलं बरोबर असतील तर कायद्याने त्यांना रात्री ९ वाजता (मे ते सप्टेंबर १० वाजता) पबमधून बाहेर काढावं लागतं. कोणी तुम्हाला पिंट पाजली की पुढची फेरी तुमची. पीत नसाल तर पहिल्या फेरीलाच सांगा आणि 'मिनरल' मागा. तिथे मिनरल म्हणजे कोल्ड्रिंक, पाणी नव्हे.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जात असाल तर गावच्या क्लबची गेलिक फुटबॉलची (आयर्लंडचा स्वतःचा फुटबॉल) मॅच सोडू नका. अंपायरने हिरवं निशाण हलवलं की गोल, म्हणजे ३ पॉइंट. फलक २-११ दाखवत असेल तर २ गोल आणि ११ पॉइंट, म्हणजे एकूण १७ धरायचे. तिकीट बऱ्याचदा फक्त ऑनलाइन, गेटवर रोख घेत नाहीत.

फिरायला लोकल लिंक या ग्रामीण बससेवेच्या छोट्या बस आहेत, पण काही मार्गांवर आठवड्यातून मोजक्याच फेऱ्या. टीएफआय लाइव्ह या बसच्या वेळा दाखवणाऱ्या अ‍ॅपवर जाण्याची नाही, परतीची बस आधी बघा. आणि शेतातून चालत शॉर्टकट मारू नका: तिथे कोणाच्याही जमिनीतून जायचा सरसकट हक्क नाही. खुणा केलेल्या वाटेवर राहा आणि फाटक जसं होतं तसंच ठेवा, उघडं तर उघडं, बंद तर बंद.

तारखा आणि व्हिसाचा प्रकार इथे टाका, बसच्या वेळा बघून सांगतो.