एक वृषण खाली का असतं?

पंचविशीतला तरुण, लग्न ठरलेलं. बराच वेळ तो थकवा आणि झोपेबद्दलच बोलत राहिला. मी अशा वेळी मध्ये बोलत नाही. खरा प्रश्न बहुतेक जण उठता उठता विचारतात. त्यानेही तेच केलं. "सर, माझी डावी बाजू उजवीपेक्षा खाली आहे. मागे काहीतरी गाठीसारखं हाताला लागतं. हस्तमैथुनाने नस ढिली होते म्हणतात. मूल होईल ना?"

मी कागद ओढून आकृती काढली. (माणूस माझ्याकडे न बघता कागदाकडे बघायला लागला की निम्मी लाज जाते.) दोन्ही वृषणं एका पातळीत नसणं हीच बहुतेक पुरुषांची ठेवण आहे आणि बहुतेक वेळा डावंच खाली असतं. हस्तमैथुनाचा इथे काही संबंध नाही. शुक्रजंतू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं, म्हणून वृषणांची ही पिशवी शरीराबाहेर. गारठ्यात स्नायू आखडून ती वर घेतात, उकाड्यात सैल सोडतात. "म्हणजे गार पाण्याने अंघोळ केल्यावर..." एवढं बोलून तो हसला. 'ढिली नस' तिथेच निकालात निघाली.

मागे हाताला लागतं ते बहुधा अधिवृषण, गुंडाळी होऊन बसलेली नळी. उलगडली तर सुमारे 6 मीटर भरेल. शुक्रजंतू तिथे पक्व होतात, मग शुक्रवाहिनीतून पुढे जातात. वीर्यात त्यांचा वाटा जेमतेम 2 ते 5 टक्के; बाकी द्रव मुख्यतः शुक्राशय आणि प्रोस्टेट या आतल्या ग्रंथींचा. तेव्हा वीर्य दाट की पातळ, यावरून बाप होण्याचं भाकीत करू नये.

तरी नुसत्या बोलण्यावर मी 'काही नाही' म्हणत नाही. डाव्या बाजूच्या शिरा फुगण्याचा त्रासही असतो, त्याला व्हेरिकोसील म्हणतात, आणि काहींच्या शुक्रजंतूंवर त्याचा परिणाम होतो. म्हणून युरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी उभं करून, जोर करायला लावून तपासलं. सगळं ठीक निघालं.

पुढच्या भेटीत दोन गोष्टी मात्र बजावल्या. वृषणावरच टणक गाठ लागली तर ती दुखत नाही म्हणून सोडून द्यायची नाही. आणि एका बाजूला अचानक असह्य कळ आली तर सकाळची वाट बघायची नाही: वृषणाला पीळ पडला असेल, तर साधारण 6 तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तरच ते वाचण्याची शक्यता चांगली असते.